पहिल्या झुकिनीपर्यंत

आई निपाणीहून बेंगळुरूला आली ती परतीची भाषा बोलतच. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, दोन खोल्यांच्या घरात ती एकटी, त्यातच न्हाणीघरात घसरून मनगट मोडलेलं. तरी बनशंकरीतल्या आमच्या घरात पाऊल टाकताना पहिलं वाक्य हेच, "पंधरा दिवस हं. गौरी-गणपतीला माझं दार उघडं पाहिजे."

तिनं राहावं, कायमचं राहावं, असं मला वाटत होतं. पण असं काही सरळ बोलणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही. आमच्याकडे माया करायलासुद्धा निमित्त लागतं.

मला सापडलेलं निमित्त म्हणजे झुकिनी. लेक इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिनं माझ्या वाढदिवसाला बियांचं एक पाकीट दिलं होतं. ज्यांनी ही भाजी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, दिसायला काकडी, कुळानं भोपळा, आणि चव आपण फोडणीत जी घालू ती.

"आई, गच्चीवर झुकिनी लावतोय," मी म्हणालो. "पहिली लागेपर्यंत तरी थांब. खाऊन जा."

"किती दिवस लागतात?"

"पाकिटावर पन्नास लिहिलंय."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "बरं. पहिली खाते आणि जाते."

बायको पुण्याची. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आईंना थांबा म्हणायचं तर थांबा म्हणा ना. त्यासाठी शेती कशाला?"

ज्येष्ठात बी पेरलं आणि रोपं दोन पानांवर येतायत तोवर आषाढ लागला. बेंगळुरूचा आषाढ म्हणजे वारा. टाकीची झाकणं उडतात, वाळत घातलेले कपडे दुसऱ्याच्या संसारात जातात, आणि बारीक पावसाबरोबर अशी थंडी येते की जुलैत मी माकडटोपी घालून फिरतो. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्का मला बजावून गेल्या, "आषाढद गाळी, सर! आषाढातला वारा हा, गच्चीवर काही टिकत नाही."

मी फक्त हसलो. कारण माझी नोकरीच वाऱ्याची आहे. एका सरकारी संशोधन संस्थेत गेली अठ्ठावीस वर्षं मी वाऱ्याच्या झोताचे हिशेब मांडतोय. आषाढ माझं काय वाकडं करणार?

रोपांना ऊब मिळावी म्हणून वीस लिटरच्या पाण्याच्या जुन्या कॅनचे तळ कापून टाकले आणि कॅन त्यांच्यावर टोपीसारखे ठेवले. इथवर ठीक होतं. पण रोपं मोठी झाली, कॅनमध्ये मावेनात, तेव्हा मी गच्चीच्या पश्चिम बाजूला एक जुना फ्लेक्स ताणून बांधला. कुठल्याशा क्लासची जाहिरात होती ती, गुणवंत विद्यार्थ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांची. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि ते सगळे गुणवंत एकदम उठले, कठड्यावरून झेपावले आणि अक्कांच्या नारळाच्या झाडाला उलटे लटकले. आठवडाभर तिथून हसत होते.

त्या आठवड्यात आईनं अक्कांशी मैत्री केली. आई निपाणीची, तिची कन्नड खळखळून वाहते. माझी अठ्ठावीस वर्षं 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर निघाली. त्या दोघींनी अंगणात बसून नारळाच्या पडलेल्या झावळ्या विणल्या आणि मला वर बांधायला सांगितल्या.

"आई, यातून वारा जाईल."

"जाऊ दे की. वारा अडवायचा नसतो रे खुळ्या, चाळायचा असतो. अडवलास की तो उडी मारून पलीकडं येतो आणि जास्त झोडपतो."

हेच मी दरवर्षी नव्या इंजिनिअरांना आकृत्या काढून शिकवतो. आणि घरी येऊन फ्लेक्स बांधला होता. झावळ्यांचा आडोसा मात्र हललासुद्धा नाही.

आडोशामागं पानं सुपाएवढी झाली. पिवळीधमक फुलंही आली. पण फळ धरेना. करंगळीएवढी झुकिनी दिसायची, दोन दिवसांत पिवळी पडायची आणि गळायची. मी माती तपासली, रात्रीच्या थंडीला दोष दिला, जेवताना परागीभवनावर बोललो. पन्नासावा दिवस उलटून गेला. आई रोज विचारायची, "लागली का?" मी म्हणायचो, "नाही." ती म्हणायची, "बरं." त्या 'बरं'मध्ये वाईट वाटणं किती आणि बरं वाटणं किती, ते कळायला मार्ग नव्हता.

शेवटी एका सकाळी सहाला मी थर्मामीटर घेऊन वर गेलो. तिथं आई होती. अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ, हातात परडी. परडीत झुकिनीचं टपोरं पिवळं फूल.

"आई! काय करतेस हे?"

"देवाला फुलं नकोत होय? शेजारच्यांची तोडली तर तू ओरडतोस."

"अगं, ते नर फूल आहे!"

"मग? मादी फुलं मी कशाला तोडीन? खाली फळ असतंय, इतकं कळतं मला. नराची काय कमी असते वेलाला?"

"इथं दिवसाला एकच उमलतंय!"

तिनं परडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते आधी सांगायचंस की."

खाली येऊन मी बायकोला हे सांगितलं, तर ती खुर्चीतच बसली. "म्हणजे इतके दिवस आपल्या बाळकृष्णाला झुकिनीचे नवरदेव वाहिले जातायत? आणि तुम्ही थंडीवर भाषणं देताय?"

चाळीस वर्षं परसात दुधी आणि दोडके पिकवलेल्या बाईला हे माहीत नसेल? मी आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती गंध उगाळत होती. चेहऱ्यावर काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच नर फुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि आतला परागाचा दांडा मादी फुलात हलकेच फिरवला. "या वाऱ्यात मधमाशी तीन मजले कशाला चढेल? आपणच व्हायचं."

फळ धरलं. अंगठ्याएवढं झालं, मग काकडीएवढं. मी रोज पट्टी घेऊन जायचो आणि रोज थोडा उदास होऊन खाली यायचो.

"गाडीचं बघितलास?" आई विचारायची.

"बघतो."

पाकिटावर लिहिलं होतं, वीतभर झाली की तोडा. वीतभर झाली, तेव्हा मी म्हटलं, अजून थोडी भरू दे. लाटण्याएवढी झाली. बायकोनं चिडवणं सोडून दिलं आणि मला ते चिडवण्यापेक्षा जास्त लागलं. लाटणंही लहान वाटावं इतकी वाढायला लागली, तेव्हा एका रविवारी मीच ठरवलं की पुरे. आईनं शब्द पाळला, आपणही पाळावा. सुरी घेतली आणि वर गेलो.

झुकिनीच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची.

आई मागेच होती, बायकोही कॉफीचे पेले घेऊन आली होती.

"आई, हे काय?"

"बियाला धरलंय. पहिलं चांगलं फळ तोडायचं नसतं. विसरलास होय?"

विसरलो नव्हतो. आमच्या परसात दरवर्षी पहिल्या दुधीला अशीच चिंधी असायची, आणि तिला हात लावला म्हणून मी एकदा पाठीत धपाटा खाल्ला होता.

"मग खायची नाही?"

"ही नाही. वेलावरच पिकू दे, वाळू दे. मग बी काढायचं, राखेत घोळायचं."

"किती दिवस?"

"दसरा तरी येईल."

आता एक गोष्ट मला माहीत होती. पाकिटावर 'संकरित' असं छापलेलं होतं. त्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नसतो, बी धरण्यात फारसा अर्थ नाही. हे ज्येष्ठात मी जेवताना सगळ्यांना दोनदा समजावलं होतं. मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला, चांगला टाचेनं. मी तोंड मिटलं. घरात एखादी माहिती मी स्वतःजवळ ठेवल्याचा तो पहिलाच प्रसंग.

"पण आई," बायकोनं हळूच विचारलं, "निपाणीच्या गौरी?"

आईनं तिच्या हातातला पेला घेतला. "मुखवटे माझ्या बॅगेत आहेत की. तळाला, शालीत गुंडाळून. येतानाच आणलेत."

वारा झावळ्यांतून चाळून येत होता.

"गौरीला जागा कुठं करायची ते बघायला हवं," असं म्हणत बायको खाली गेली. म्हणजे माझ्या पुस्तकांचं कपाट रिकामं होणार हे मला कळलं.

हातातल्या सुरीचं काय करावं ते मला सुचेना. काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून मी आडोशाची एक सुटलेली दोरी कापली. ती सुटलेली नव्हती. अख्खा आडोसा माझ्या अंगावर आला.

"काय करालास रे!" आई ओरडली, आणि पेला कठड्यावर ठेवून तिनं झावळीचं दुसरं टोक धरलं.