वाघीण, तुफान आणि एक गिअरबॉक्स

मंडळी, आज आमची रेसिंग कार नावावर अडली होती!

मी आकुर्डीच्या आमच्या कॉलेजच्या टीमची कॅप्टन. आमची गाडी 'वाघीण'. तिचा गिअरबॉक्स मात्र दुसऱ्या कॉलेजच्या टीमने बनवून दिलाय. सकाळी त्यांचा कॅप्टन आमच्या चिखलीच्या शेडवर आला. "गाडीच्या नावात आमच्या टीमचं नाव 'तुफान'ही पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्स परत द्या." आमची पोरं भडकली.

पप्पा तिथेच होते. त्यांनी आयुष्यभर बैलगाडा पळवलाय. ते हसले, "भांडताय कशापायी? शर्यतीत बैलं दोघांची असली की नावं बी दोघांची पुकारत्यात. त्यात कमीपणा न्हाई."

दुपारी 'वाघीण-तुफान' पहिल्यांदा पळाली. सगळ्यांत मोठ्याने तो कॅप्टनच ओरडत होता, "पळ गं वाघिणी!"

तुमचं भागीदारीत नावावरून कधी वाजलंय का? कसं मिटलं?