टाळेबंदीत चालणारा पंप

मुलुंडच्या आमच्या कंपनीत मालकाने टाळेबंदी केली तेव्हा सगळ्यांचं काम थांबलं, माझं तेवढं चालू राहिलं. आग लागली की वीज आधी जाते, म्हणून आग विझवायच्या पाण्याचा पंप डिझेल इंजिनावर होता आणि दर शनिवारी तो चालवून बघणं माझ्याकडे होतं. मालकाला ते विम्यासाठी हवं होतं. युनियननेही हरकत घेतली नाही. कंपनी जळून गेली तर उघडणार काय? त्यामुळे गेटवरच्या मांडवात धरणं धरून बसलेल्या माझ्याच माणसांसमोरून मी एकटा आत जायचो. वॉचमन छोटं दार उघडायचा. त्या दाराचा मला वैताग आला होता.

आत सगळं थंडगार. इंजिनातलं ऑइल काडी घालून बघायचं, रेडिएटरमध्ये पाणी, बॅटरीत पाणी, मग सेल मारून इंजिन चालू करायचं. दाबाचा काटा चढला की शाफ्टपाशी थेंब थेंब पाणी गळतंय ना, ते बघायचं. गळणं थांबलं तर आतलं पॅकिंग जळतं. पाणी टाकीतून निघायचं आणि पुन्हा टाकीतच पडायचं. ते बघून बघून मी कंटाळलो होतो.

बाहेर मात्र इंजिनाच्या आवाजाचा भलताच अर्थ निघत होता. इतक्या महिन्यांत कंपनीतून येणारा तो एकच आवाज. माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच लेथवर होता. इंजिन सुरू झालं की तो मांडवातून उठून गेटला कान लावायचा. बरेच जण कोकणात गावी निघून गेले, हा जाईना.

"भावोजी, पंप जपतायत म्हणजे कंपनी उघडायचीय त्यांना."

"विम्यासाठी जपतायत रे."

"उघडायचीच नसती तर विमा कशाला भरला असता?"

घरी बायकोही त्याचीच बाजू घ्यायची. दर शनिवारी मीच त्याला आणखी आठवडाभर तिथे बसवून ठेवतोय, असं वाटायचं.

एका शनिवारी पंपाच्या खोलीत मॅनेजर साहेबांबरोबर एक परका माणूस उभा होता. साहेब म्हणाले, "यांना चालवून दाखवा. जरा जास्त वेळ." पहिल्याच सेलला इंजिन लागलं. त्या माणसाने काटा बघितला, धूर बघितला, शाफ्टखाली हात धरून थेंब बघितले. चांगला अर्धा तास चालवलं. बंद केल्यावर तो साहेबांना म्हणाला, "सोमवारी ट्रक पाठवतो." मी काय ते समजलो. आग विझवायचा पंपच विकताहेत, म्हणजे आत राखण्यासारखं काही ठेवायचंच नव्हतं.

छोट्या दारातून बाहेर आलो तर मांडवात टाळ्या, घोषणा. मेहुणा चहाचा ग्लास घेऊन धावत आला. "अर्धा तास चालला आज! काय बोलले साहेब? कधी उघडतेय?"

"गिऱ्हाईक आलं होतं," मी म्हणालो. "पंप विकला. सोमवारी नेतायत."

ग्लास त्याच्या हातातच राहिला. मागच्या लोकांना अजून काही कळलं नव्हतं, त्यांच्या घोषणा चालूच होत्या. मेहुणा म्हणाला, "बंद पाडायचा ना, भावोजी. नुसता आजचा दिवस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उलट पहिल्याच सेलला इंजिन लागलं तेव्हा, त्या परक्या माणसासमोर, मला बरं वाटलं होतं.