चिंचेखालच्या घराची शिरगनती

मानसायची नावं मी सांगत नाई. अर्धे लोक अजून जिते हायेत, अन् बाकीच्यायचे पोट्टे माह्यापेक्षा धिप्पाड हायेत. बैलायची नावं घेईन. बैल काई घरी भांडाले येत नाई.

ही गोष्ट तवाची, जवा चांद्याचा जिल्हा फुटून गडचिरोली नवी नवी वेगळी झाली होती. आमच्या गावाले काई फरक पडला नव्हता. आधी आमची चांद्याची बस चुके, मंग गडचिरोलीची चुकाले लागली.

शाळेचं म्हनाल त मी पहिलीत बसलो अन् तिथीच मुक्काम केला. मास्तर बदलत गेले, मी नाई बदललो. शेवटी एका मास्तरनं हात जोडले, "तू ढोरं चार बापा, दोघायले सुख होइन." अक्षरं मी शिकलो ते वडशाहून येनाऱ्या नाटकायच्या जाहिराती पाहू पाहू. त्याच्यानं मले 'तुफान विनोदी' हे फटकन वाचता ये, पन 'वडील' वाचाले घाम फुटे. बाकी कागदाशी माहा संबंध होता, नाई असं नाई. मी बांबू कटाईले जाओ. तो बांबू बल्लारपूरले जाये, तिथी त्याचा कागद होये. म्हंजे कागद हिरवा होता तवाची आमची वळख.

अशा मानसानं इंग्रजाच्या टायमाची शिरगनती नकलून काढाले हात वर केला. आता आयका काऊन केला ते.

चांद्याच्या कालेजातले एक सर गावात आले. चष्मा, झोला, पायात सॅन्डल, अन् चेहऱ्यावर असा आनंद का जसं याले कोनी अजून फसवलंच नाई. त्यायले आमच्या इलाख्यातल्या घरायच्या वंशावळी लिवाच्या होत्या. जुन्या मालगुजाराच्या माळ्यावर शिरगनतीचे गठ्ठे पडून होते. घराघरात कोन मानूस, वय काय, धंदा काय, सारं त्याच्यात. मालगुजाराचा नातू म्हने, कागद गावाबाहेर जानार नाई. झेराक्स मशीन चांद्याले. म्हनून गावातच बसून हातानं नक्कल कराची.

सर सभेत म्हनाले, "मला स्वयंसेवक हवेत."

कोनीतरी विचारलं, "म्हंजे काय जी?"

"म्हणजे काम करायचं, पण पैसे मिळणार नाहीत."

"ते त आमी सारे जनमापासून आहो," मी म्हनलं. लोक हासले. सरनं त्याले होकार समजून माहं नाव लिवून घेतलं. मी नाई म्हननारच होतो, तेवढ्यात सर म्हनाले का बसाची जागा पाटलाच्या घरासमोरची सपरी राहीन. मी म्हनलं, लिवा, लिवा, वरतीच लिवा माहं नाव.

पाटलाची पुतनी मले आवडे. तिचा बाप नव्हता, काकानंच वाढवली होती. चैतात मोहं वेचाले गेलो का आमच्या टोपल्या कशा कोन जाने एकाच झाडाखाली येत. तिले बी मी आवडो. काऊन आवडो, हे मले आजवर समजलं नाई. मीबी विचारलं नाई, म्हनलं उगाच तिच्या ध्यानात येइन.

माह्या बापानं जाऊन पाटलाले लगनाचं बोलनं केलं. पाटील वाईट मानूस नव्हता, पन कायद्याचा पक्का. आमच्यात देव मोजते. कोनी चार देवाचा, कोनी सहा, कोनी सात. ज्याचे देव सारखे ते भाऊ, अन् भावाच्या घरची पोरगी करता येत नाई. पाटलाचं घर सात देवाचं. अन् आमचं? बाप म्हने, "आज्याले मालूम होतं." आजा त मेला होता. आज्याचा बाप नदीपलीकडून आला, गावच्या टोकाले चिंचेखाली झोपडं बांधलं, अन् आडनाव म्हनून गावाचंच नाव लावून मोकळा झाला. असली कूळ कोनतं, देव किती, कोनालेच पत्ता नाई.

पाटील बापाले म्हनाला, "उद्या तुमी सात देवाचे निंघाले त? बहीन-भावाचं लगन लावू का मी? आधी देव पाहून आन, मंग पोरगी माग."

आता समजलं ना? शिरगनतीच्या कागदात चिंचेखालचं घर असनारच. तिथी आज्याच्या बापाचं असली कूळ लिवलेलं असन. कूळ समजलं का देव समजले. सहा निंघाले त लगन, सात निंघाले त राम राम.

धान निंघाले होते, हाताले काम नव्हतं. आमी चार-पाच जन सपरीत पोत्यावर बसलो. बाकीचे वाचून लिवत. मी पाहून लिवो. म्हंजे अक्षर कसं दिसते तसं काढो, जशी मानसं भिंतीवर मोर काढते. पयल्या दिवशी सरनं माहा कागद उचलला.

"हे गोल काय आहे?"

"भोक, जी."

"कसलं भोक?"

"वाळवीचं. तिकडल्या कागदाले हाये."

"अहो, भोकाची नक्कल नाही करायची!"

"तुमी म्हनलं जसंच्या तसं."

आतून पोरगी फिसकन हासली. ती चौथी शिकली होती, माह्यापेक्षा लय पुढं. पानी द्याच्या निमित्तानं येऊन माही अक्षरं सुधरून जाये.

पाटील समोरच बाजीवर बसून राहे, अन् मी त्याले खूश ठेवाचा कारखाना काढला होता. पाटील म्हने आज थंडी लय हाये, का मी काकडो. पाटील म्हने, नाई, ऊन बरं निंघालं, का मी दुपट्टा काढून बाजूले ठेवो. एकडाव चुकून त्याले मामाजी म्हनून बसलो. आमच्यात सासऱ्याले मामाजी म्हनते.

"मामाजी कोनाले म्हनतं बे?"

"त्या… त्या कोंबड्याले, पाटील."

पोरगी गिलास नेतांनी दबक्या आवाजात म्हने, "एकडाव तरी काकाजीले नाई म्हन ना गा! तोंड शिवलं का तुहं?"

"लगन झाल्यावर म्हनन."

असं करता करता एक दिवस चिंचेखालच्या घराचं पान आलं. पानाच्या वरतीच लिवलं होतं, चिंचेखालचं शेवटचं घर, मालक नदीपलीकडून आलेला. सर म्हनाले, "आणा इकडे, मी वाचतो." मी कायले देतो! म्हनलं माह्या पूर्वजाचं मी वाचीन. पाटलाले हाक मारली, बापाले बलावलं. आमचा बुढा पुजारी, लगनाच्या पंचायतीत त्याचाच शब्द चाले, तोबी काठी टेकत आला. शेजारपाजार जमा झाला. पोरगी दाराआड. मी कागद असा धरला जसा नाटकातला राजा फर्मान धरते.

मी वाचतांनी एक अक्षर, मंग दम, मंग दुसरं अक्षर असं वाचो. त्याच्यानं माह्याआधी लोकायलेच समजून जाये.

"स… र… जा. सर्जा! मर्द. वय, आठ. धंदा, शेती."

"आठ वर्षाचा मालक?" पाटील म्हनाला.

सर म्हनाले, "ऐंशीचं शून्य राहिलं असेल. पुढे वाचा."

"ढ… व… ळ्या. ढवळ्या. मर्द. वय सात. धंदा शेती." मी बापाकडं पाह्यलं. "बाबा, हा तुमचा आजा का आज्याचा भाऊ?" बाप खाली पाहून राह्यला होता. त्याचे खांदे हालत होते. मले वाटलं बापाले रडू आलं. मलेबी भरून आलं. मी आवाज चढवला, "क… पि… ला! कपिला! बाई. वय पाच. लेकरं तीन!" अन् हात जोडून म्हनलं, "माही पनजी हाये ते."

तवा सारी सपरी हासून फुटली. पाटील बाजीवरून खाली आला. एक जन पोत्यावर लोळून राह्यला. मीच एकटा हात जोडून उभा. सरनं कागद घेतला अन् खालचा शेरा वाचला, "घरातील मंडळी चरावयास गेली आहेत, सांजेला परत येतील असे म्हातारीने सांगितले."

बुढा पुजारी डोळे पुसत म्हनाला, "अबे, त्या टायमाले मानसं कोनी मोजू देत नव्हतं. मोजलं का घटते. शिरगनतीवाला आला का जवान लोक जंगलात पळत. घरी बुढी राहे. ते गोठ्यात पाहून नावं सांगे. तो बिचारा परगावचा, लिवून घेये."

पाटलाचं हासनं थांबेना. "म्हनूनच हा असा! खानदानच बैलाचं!"

मीबी भडकलो, म्हनजे भडकल्यासारखं हासलो, अन् म्हनलं, "पाटील, तुमचंबी घर काढा ना." सरनं काढलं. पाटलाच्या घरी घरभर मानसं, सारीच्या सारी वर्षा-दीड वर्षाची, अन् एकीचा धंदा लिवलेला, पाला खाने.

"शेळ्या!" पोरगी दाराआडून वरडली.

सर खाली बसले. इतक्या दिवसाची नक्कल, चांद्याले जाऊन वाचू म्हनून ठेवलेली, त्यायच्या मांडीवर. त्यायनं एकेक पान उलटून पाह्यलं. अर्धं गाव सात वर्षाच्या आत, सारे शेतकरी. "म्हणजे मी वंशावळ म्हणून…" पाटलीनबाईनं त्यायले चहा देला.

हासनं वसरलं तवा बाप म्हनाला, "पाटील, मंग आमच्या देवाचं काय? कागदात त बैल निंघाले."

पाटलानं पुजाऱ्याकडं पाह्यलं. पाटलाचं तोंड हासू हासू मऊ झालं होतं. त्याले आता नाई म्हनाचं नव्हतं, हे मले बी दिसलं.

पुजारी म्हनाला, "कागदानं देव थोडीच भेटते. ज्याचे देव हरवले त्याले देवात घेता येते. त्यानं पंचायसमोर आपल्या तोंडानं सांगावं कोन्या देवात येतो, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडावं, झालं. सहा देवाचे लोक बाजूच्या गावातच हायेत, त्यायले समजावनं माह्याकडं. पन एकडाव बोललं का बोललं, हा. देव काई सदरा नोहे बदलाले."

बाप मले कोपर मारून म्हनाला, "सोपं हाये." पाटलीनबाईनं आतून मोहाची बाटली आनली. दाराआडून पोरगीचा हात निंघाला. एका हाताचे पाच बोटं, दुसऱ्याचा एक अंगठा. सहा. अंध्याले बी दिसलं असतं.

मलेबी दिसलं. मले सहाच म्हनाचं होतं. सहा माह्या जिभेवर येऊन बसला होता.

तेवढ्यात पाटील उठला, माह्याजवळ आला, अन् कधी नाई तो खांद्यावर हात ठेवून म्हनाला, "बोल बापू. मोकळ्या मनानं बोल. कोनाचे देव घेतं?"

बापू! ज्या मानसाले खूश करासाठी मी इतके दिवस काकडलो, त्यानं मले बापू म्हनलं. समोर सारं गाव. माही छाती फुगली. मले वाटलं, इथी सहा म्हननं म्हंजे भाजीचा भाव सांगितल्यासारखं. इथी काईतरी भारी बोलाव लागते. मी दुपट्टा खांद्यावर टाकला अन् म्हनलं,

"पाटील, तुमचे देव तेच माहे देव!"

अन् टाळ्यायसाठी थांबलो.

टाळ्या नाई आल्या. आंगनात कोंबडी माती उकरत होती, तिचाच आवाज. बापानं कपाळाले हात लावला. पुजारी भला मानूस, म्हनाला, "पोरा, दमानं. इचार करून सांग."

"इचार कायचा?" मी म्हनलं, "पाटलाच्या देवापेक्षा मोठे देव हायेत का कोनाचे?"

"पक्कं?"

"एकदम पक्कं!"

पुजाऱ्यानं बाटली तिरपी केली. मोहाची धार जमिनीवर पडली, मातीनं पिऊन घेतली. तवा कुठी माह्या डोक्यात उजेड पडला, म्हंजे दुकान लुटून चोर गेल्यावर कंदील लागला. दाराकडं पाह्यलं. हात नव्हता.

"पुजारीबुवा," मी म्हनलं, "ते मी जरा नाटकातलं…"

"धार पडली," पुजारी म्हनाला.

पाटील मोठ्या कष्टानं बाजीवर बसला. मंग म्हनाला, "आता काय बोलाव गा तुले. मले मारताबी येत नाई, घरचाच झाला तू."

एकट्या सरच्या तोंडावर कळा आली. त्यायले सकाळपासून पयला खरा मानूस भेटला होता, अन् साक्षीदारासकट. त्यायनं कोरा कागद काढला. "मग यांना कोणत्या घरात लिहायचं?"

"आमच्या," पाटील म्हनाला. "माह्या मेलेल्या भावाच्या लेकरात लिवा."

"स्वयंसेवक," सर मले म्हनाले, "तुमच्याच हातानं लिहा."

सरनं त्याच्यावर पाटलाले विचारू विचारू घरची आजची मानसं लिवली, अन् ते पान माह्यासमोर आलं. त्याच्यात तिचं नाव आधीच होतं, चांगल्या अक्षरात. मी पेन धरला. असा कुदळीसारखा धरला का सरच्या मनात आलं असन, भोक काढते का काय. मी तिच्या नावाच्या वरती मोकळी जागा होती तिथी टेकवला.

ती बाहेर आली. डोळे लाल होते, पन हासून राह्यली का रडून, ते मले वाचता नाई आलं. मले वाचता येते तरी काय. तिनं माह्या हातातला पेन धरून खाली सरकवला.

"माह्या खाली लिव," ती म्हनाली. "मी मोठी आहो."