शेवटच्या दोघींतली

आमच्या समोर राहणाऱ्या, साड्यांना फॉल लावून देणाऱ्या बाई तरुणपणी देशाच्या सौंदर्यस्पर्धेत शेवटच्या दोघींत होत्या, असं त्या स्वतःच सांगायच्या. मला ती शुद्ध थाप वाटायची.

"आमच्या टायमाला मुकुट एवढुसा होता, अल्लवा, हो ना? टीव्ही आला नि मुकुट वाढले," म्हैसूर सिल्कवर सुई चालवत त्या म्हणायच्या. फोटो मागितला, की म्हणायच्या, आईनं जाळले. स्पर्धा कधी मुंबईला झालेली असायची, कधी बेंगळूरला. म्हैसूरच्या आमच्या अख्ख्या कुवेंपुनगरात त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

गणपतीत गल्लीची रांगोळी स्पर्धा झाली. निकालाला त्या आणि मी, दोघीच उरलो. त्यांनी एकदम माझे दोन्ही हात धरले. हिला आता काय हवंय, म्हणून मी अंग चोरलं. माझं नाव पुकारलं. ते मला उमगायच्या आत त्या हसल्या, मला मिठी मारली, गालाला गाल लावला आणि बरोबर दोन पावलं मागं सरून टाळ्या वाजवत राहिल्या.

त्या वेळी काढलेल्या फोटोत मी एकटीच आहे, त्या चौकटीबाहेर. त्यांच्याकडं एकही फोटो का नाही, ते मला तो बघताना कळलं.