बाळंतिणीची खोली आणि मी बुजवलेले झरोके

एसीला गेज लावला. प्रेशर बरोबर होतं. सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही. गॅस जराही लीक नव्हता. मी अंगणात येऊन शेठना फोन केला. वणीला त्यांचं एसीचं शोरूम आहे आणि मी त्यांचा मेकॅनिक.

"शेठ, गॅस फुल आहे."

"मग झालं! फोटो काढ, जॉब कार्डवर सही घे अन् निघ तिथून. आपला काही संबंध नाही."

हे राजूरचं घर. खाणीतून निवृत्त झालेले देवरावजी आणि त्यांची बायको शांताबाई इथे राहतात. मुलगी प्रणाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दोन दिवसांपूर्वी सकाळी ती आणि तिची अकरा दिवसांची मुलगी खोलीत बेशुद्ध सापडल्या. यवतमाळच्या दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावावा लागला. बंद खोलीत विषारी हवा साठली होती, असं डॉक्टर म्हणाले. देवरावजींनी सरळ एसीवर संशय घेतला आणि पोलिसात जाईन म्हणून शोरूमला दम दिला. म्हणून शेठनी मला पिटाळलं होतं.

मी आत जाऊन गेज दाखवला. देवरावजींनी चष्मा लावून काटा पाहिला, सही केली.

"म्हंजे मशीनचा दोष नाई. बरं झालं बाप्पा. उद्या दवाखान्यातून सुट्टी हाय पोरीले. शांता, शेगडी भरून ठेव."

माझ्या खांद्यावर बॅग होती. तेव्हा कुठे माझं लक्ष खाटेखालच्या शेगडीकडे गेलं. दगडी कोळशाची राख होती तिच्यात.

"मावशी, ही शेगडी बंद खोलीत ठेवता?"

"मंग? बाळंतिणीले शेक नको? थंडीचे दिवस." शांताबाईंना माझा प्रश्नच आवडला नाही. "अंगणात पेटवतो. धूर पुरा जाऊ देतो. लालबुंद झाली की मंगच आत आणतो. माह्या आईनंही असंच केलं. अन् रात्रभर मशीनचा पंखाबी चालू ठेवला, ताजी हवा येते म्हून. तुमीच तं सांगतलं होतं, भाऊ."

मी सांगितलं होतं. खरं आहे.

मे महिन्यात याच खोलीची तक्रार होती, 'कूलिंग होत नाही'. वर उघडी स्लॅब, दिवसभर तापलेली. एवढ्या खोलीला दीड टनाचा एसी लागतो. टन म्हणजे वजन नव्हे, मशीन किती उष्णता बाहेर फेकू शकतं त्याचं माप. शेठनी एक टनाचा विकला होता, कारण गोदामात तोच पडून होता. हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं. मी फोन करून तसं सांगितलंही.

"मशीन परत घेऊ? डोकं ठिकाणावर आहे का?" शेठ म्हणाले. "झरोके बुजव. थर्माकोल घाल, सिलिकॉन मार. तक्रार क्लोज कर."

भिंतीत वर तीन झरोके होते. मी तिन्ही बुजवले. दाराच्या फटीलाही रबर लावलं. खोली थंड झाली. कोळशाचे ट्रक रस्त्यावरून जातात, त्यांची काळी धूळही आत यायची थांबली, म्हणून शांताबाई खूश झाल्या. तरी त्यांनी विचारलंच, "आता हवा कुठून येईन?"

मला पुढच्या कॉलला जायचं होतं. मी म्हणालो, "मावशी, एसी देतो ना हवा. पंख्यावर टाका, ताजी हवा येते."

हे धडधडीत खोटं होतं. घरातला साधा स्प्लिट एसी बाहेरून हवा आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. पंख्यावर टाकला तर तीच हवा नुसती फिरते. मी आयटीआय केलेला माणूस, वीस वर्षं हेच काम करतोय. मला हे माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि शेगडी. धूर थांबला म्हणजे धोका टळला, असं आपण सगळेच समजतो. लाल निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झरोके उघडे असते तर बराचसा निघून गेला असता. मी त्याची वाट बुजवली होती. त्याआधी दोन दिवस प्रणालीचं डोकं दुखत होतं, उलट्या होत होत्या. घरच्यांना ती बाळंतपणाची कमजोरी वाटली.

सही माझ्या खिशात होती. शेठच्या मते मी निर्दोष सुटलो होतो. आणि उद्या जेमतेम दोन आठवड्यांचं ते पोर याच खोलीत, याच शेगडीजवळ येणार होतं. लाज वाटते लिहायला, पण मी बूट घातले होते. एक पाय पायरीवर होता.

मग परत फिरलो आणि सगळं सांगितलं. टनाचं, झरोक्यांचं, माझ्या थापेचं.

शांताबाईंनी खाटेखालची शेगडी बाहेर ओढली. "म्हंजे मीनंच माह्या लेकीले..."

"तुम्ही नाही, मावशी. मी."

देवरावजींनी मान वर करून बुजवलेल्या झरोक्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीस वर्षं खाणीत काढली मी. हवेची वाट बंद असली तं आमी आत पाय ठेवत नव्हतो. अन् तू माह्या घरात ती बंद करून राह्यला होता? वरतून चहा पिऊन गेलता?"

"हो."

"बेईमान हाय तू." ते आत गेले, छिन्नी-हातोडी घेऊन आले आणि माझ्यासमोर आदळली. "फोड. आत्ताच."

तिन्ही झरोके मी उघडले, दाराचं रबर काढलं. धुळीसाठी बारीक जाळी लावली. एकात छोटा एक्झॉस्ट पंखा बसवला. देवरावजी स्टूल धरून उभे होते. शेगडी अंगणात गेली. शेकायला गरम पाण्याच्या पिशव्या ठरल्या.

शेठना कळलं तेव्हा ते ओरडले, "तुला कोणी हरिश्चंद्र व्हायला सांगितलं? गॅस फुल होता ना!" गॅस फुल होता. बाई मरत होती आणि यांचा गॅस फुल होता! स्टार किती, वीज किती वाचते, सगळं डब्यावर छापलेलं असतं. आतली माणसं श्वास कशाचा घेणार, हे कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मी तिथली नोकरी सोडली, पण त्यात मोठेपणा काही नाही. सहा महिने उशीर झाला होता.

प्रणाली आणि तिची मुलगी आता बऱ्या आहेत. बारशाचं बोलावणं मला आलं नाही, ते बरोबरच आहे.

असे झरोके मी आणखी किती घरांत बुजवलेत ते आठवून आठवून उघडायला जातो आहे. राळेगावच्या एका मास्तरांनी दारातूनच परत पाठवलं. "पैसे देऊन बंद केले, आता फोडायले आला काय?"

खोली थंड होत नसेल तर गच्चीला पांढरा रंग द्या, खिडकीवर बाहेरून सावली करा, योग्य टनाचं मशीन घ्या. भिंतीतली वाट बुजवू नका, आणि बंद खोलीत निखारा नेऊ नका, धूर असो वा नसो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हे आधी सांगतो. ज्याला पटत नाही तो दुसरा मेकॅनिक बोलावतो. झरोके बुजवायची सिलिकॉनची ट्यूब वणीत कुठल्याही दुकानात मिळते.