शिग्रीगेटातली मेंढरं

नवरा वारल्यावर रंगुबाईनं जतच्या माळावरचा कळप विकला आणि ती कराडला लागून असलेल्या मलकापूरला लेकाकडं राहायला आली. तिथं कचऱ्याच्या शेडवर तिला काम मिळालं. ओलं वेगळं, सुकं वेगळं. मुकादम त्याला सेग्रिगेट म्हणायचा. रंगुबाईच्या तोंडी त्याचं 'शिग्रीगेट' झालं.

एका रविवारी कॉलेजला जाणारी नात माया मोबाइलवर इंग्रजी शब्द बघत बसली होती. एकाएकी ती ओरडली, "आज्जे, तुज्या शिग्रीगेटात मेंढरं हायती!"

"थट्टा करतीस व्हय गं?"

"न्हाई गं. लॅटिन म्हणून लय जुनी भाषा हाय. तिच्यात 'ग्रेक्स' म्हंजी कळप आन् 'से' म्हंजी बाजूला. कळपातनं बाजूला काढायचं, त्ये सेग्रिगेट."

लसूण सोलता सोलता रंगुबाईचा हात थांबला. दुखणाईत मेंढरू बाजूला बांधलं की ते कळपाकडं तोंड करून कसं ओरडायचं, ते तिच्या कानात घुमलं.

"त्येंच्यात बी मेंढरं व्हती?"

"दोन हजार वर्सामागं."

रंगुबाईला घरात बसवेना. तिचा भाऊ बिराप्पा मेंढरं घेऊन कराडजवळ ऊस तुटलेल्या रानात उतरला होता. मायाला घेऊन तिनं दुपारीच रिक्षा केली.

बिराप्पानं सगळं ऐकलं. त्यानं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "आन् गोळा करायचं आसलं तर काय म्हनत्यात गं पोरी?"

मायानं मोबाइलात बघितलं. "काँग्रिगेट! आबा, ह्येच्यात बी त्योच कळप हाय. 'कॉन' म्हंजी संगं."

बिराप्पा उठला. त्यानं जीभ टाळूला लावून हाळी दिली. पाचटात पांगलेल्या मेंढरांनी माना वर केल्या आणि सगळ्या रानातनं धुरळा उडवत ती त्याच्याकडं धावली.

हे रंगुबाईनं जन्मभर पाहिलं होतं. आज मात्र तिच्या अंगावर काटा आला. कुठल्या तरी परमुलखात असाच कोणी काठी घेऊन उभा राहिला असेल, असंच त्याचं रान हललं असेल. त्याची भाषा मायासारख्या पोरी आता पुस्तकातनं शिकतात, आणि तरी ती आपल्याला कळली! तिनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"आक्के, हात कुनाला जोडतीस?" बिराप्पानं विचारलं.

"म्हाईत न्हाई रं," ती म्हणाली. एक कोकरू तिच्या पायाशी येऊन लुगडं हुंगू लागलं होतं.