पापडाची जाळी

लातूरला आमचा ओव्हन बघायला आलेल्या मेकॅनिकचं नावही मी विचारलं नाही. "बिघडलाय हा. कोथिंबीरवडी मऊच राहते. आता एअर फ्रायरच घेते," मी तणतणले.

त्यानं ओव्हन लावला, आतल्या पंख्याचा आवाज ऐकला. "ह्याची जाळी कुठंय?"

जाळी गॅसवर होती, पापड भाजून काळीकुट्ट झालेली; ओव्हनमध्ये वड्यांनी गच्च भरलेलं ताट.

तो भडकलाच. "ताई, वड्या ताटात कोंबता अन् मशीनला नावं ठेवून राहिल्या? खालून गरम वारं कसं लागंल?"

त्यानं स्वतः जाळी घासली, वड्यांना तेलाचं बोट लावून त्या जाळीवर सुट्या मांडल्या आणि ओव्हनमध्ये भाजल्या.

माझ्याच स्वयंपाकघरात मला शिकवतो! रागात मी त्याला एक वडीही विचारली नाही. तो दारात चपला घालत होता, तेव्हा माझ्या दाताखालच्या वडीचा कुर्रकन आवाज त्याला ऐकू गेला असणार.